तोब्रुकचे मराठे, समोरची आफ्रिका कोर आणि 'एकच खाकी'चा घोळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. २८ मिमी मापाचे ३० प्लास्टिक सैनिक आहेत. त्यातले १८ जण २/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीचे (पाचव्या रेजिमेंटची दुसरी बटालियन), १२ जण उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या जर्मन आफ्रिका कोरचे, आणि प्रसंग लिबियातलं तोब्रुक बंदर, जून १९४२. खाकी, वॉश (खोलग्यांत उतरणारा पातळ रंग), ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर घासलेला रंग) असं सगळं रीतसर केलं, तरी टेबलावर मांडल्यावर सगळे एकाच मातीच्या गोळ्यातून काढल्यासारखे दिसतात. मराठा कोण आणि जर्मन कोण हे हातात उचलून बघावं लागतं. शिवाय मॅट वॉर्निश मारल्यावर काहींवर पांढुरकी साय आली. रंगाचा नेमका नंबर चुकला का, असं विचारलंय.

नंबर चुकलेला नाही. सगळ्यांना एकच नंबर लावला, ही चूक आहे. वाळवंटी गणवेश रंगवायचा म्हणजे कापडाचं वय रंगवायचं. कापड कुठल्या रंगात बुडवलं होतं, किती वेळा धुतलं, किती उन्हात वाळलं, घाम कुठे मुरला आणि धूळ कुठे बसली, हे सगळं त्यात येतं. ते ठरवलं की बाटल्या आपोआप ठरतात.

पहिला अडथळा आपल्या डोळ्यांचा आहे. मराठी माणसाला खाकी म्हटलं की पोलीस आठवतो किंवा शाळेतली हाफ पँट. तो खाकी गडद आणि तपकिरी असतो. ब्रिटिश आणि भारतीय फौजांचं उन्हाळी कापड, म्हणजे खाकी ड्रिल, हे त्यापेक्षा बरंच फिकट सुती कापड होतं. मूळ शब्द 'खाक', म्हणजे धूळ, आणि रंगही तसाच. १८४० च्या दशकात वायव्य सरहद्दीवरच्या गाइड्स पलटणीने तो पहिल्यांदा अंगावर घेतला. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे कापड इतक्या गिरण्यांत विणलं आणि रंगवलं जात होतं, की नवा माल उघडला तरी एका गठ्ठ्यात पिवळसर, दुसऱ्यात गुलाबीसर आणि तिसऱ्यात हिरवट झाक दिसायची. त्यावर धुलाई आणि ऊन. एकाच सैनिकाचा शर्ट आणि अर्धी चड्डी एका छटेची असणं हा योगायोग समजा.

हे १८ जणांवर आणायला ड्रॉपरच्या तीन रिकाम्या बाटल्या घ्या आणि प्रत्येकीत साधारण ५ मिली मिश्रण करून ठेवा. एवढ्यात सगळे शर्ट आणि चड्ड्या होऊन चुका झाकायलाही उरतं. पॅलेटवर दर वेळी नव्याने मिसळलं तर छटा हातातून सुटते. खालचे नंबर व्हॅलेहो या रंग कंपनीच्या मॉडेल कलर मालिकेचे आहेत. बाटलीवरच्या नावापेक्षा नंबर बघून घ्या.

पहिली बाटली नव्या कपड्याची: ७०.९८८ खाकी तीन भाग, ७०.९७६ बफ एक भाग. दुसरी महिना-दोन महिने वापरलेल्या कपड्याची: दोन्ही समसमान, वर ७०.८७६ ब्राउन सँडचे दोन-तीन थेंब, म्हणजे गुलाबीसर झाक येते. तिसरी विटलेल्या कपड्याची: बफ दोन भाग आणि ७०.८१९ इराकी सँड एक भाग. आता शर्ट आणि चड्डी यांच्या जोड्या लावा. तीन गुणिले तीन, नऊ जोड्या होतात आणि १८ सैनिकांत प्रत्येक जोडी दोनदा येते. मात्र नव्या शर्टावर नवी चड्डी एखाद्यालाच द्या, तोही नुकताच भरतीला आलेला. त्याची दुसरी जोडी मधल्या बाटलीकडे वळवा.

कॅमलचे आर्टिस्ट अ‍ॅक्रिलिक घरात असतील तर त्यातही काम होतं. टायटॅनियम व्हाइट सहा भाग, यलो ऑकर तीन, रॉ अंबर एक. हा मधला खाकी. पांढरा वाढवला की विटका, अंबर वाढवला की नवा. हे रंग ट्यूबमधले असल्याने जाड असतात आणि वाळल्यावर थोडे चकाकतात. मॅट मीडियम घालून तीन-चार पातळ हात द्या. पोस्टर कलर मात्र नको. वरून ओला ब्रश फिरला की तो पुन्हा विरघळतो आणि वाळला की कडांवरून सुटतो.

प्रायमरच्या आधीचं काम दोन वाक्यांत: मोल्ड लाइन, म्हणजे साच्याच्या जोडाची उंच रेघ, ब्लेडच्या पाठीने खरवडून काढा, भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात सैनिक जुन्या टूथब्रशने घासा आणि पूर्ण वाळू द्या. १/७२ चे मऊ प्लास्टिकचे सैनिक असतील तर हे धुणं अजिबात टाळू नका. त्यावर साच्याचं तेल असतं आणि भाल्यासारख्या पातळ संगिनीवरून रंग पापुद्र्यासारखा निघून येतो.

प्रायमर काळा नको. फिकट कापड काळ्यावर चढायला पाच-सहा हात लागतात आणि तोवर घड्या बुजतात. मध्यम तपकिरी प्रायमर सगळीकडे, आणि तो वाळल्यावर वरून, सरळ डोक्याच्या दिशेने, हस्तिदंती रंगाचा हलका फवारा. तोब्रुक सुमारे ३२ अंश उत्तर अक्षांशावर आहे, जूनमध्ये तिथला दुपारचा सूर्य क्षितिजापासून ८१ अंशांवर, म्हणजे जवळपास डोक्यावरच असतो. उजेड कुठे पडतो ते या फवाऱ्यानेच समजतं: हेल्मेटचा माथा, खांदे, पाउचची झाकणं, वाकलेल्या गुडघ्याची वरची बाजू. हनुवटीखाली, काखेत आणि चड्डीच्या घेराखाली तपकिरी उरतो. पुढचे पातळ रंग हा फरक टिकवून ठेवतात.

बेसकोटला, म्हणजे पहिल्या थराला, रंग दोन भाग, पाणी एक भाग. हायलाइटला, म्हणजे उजेडाच्या जागांना, निम्मंनिम्म. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या हवेत रंग पॅलेटवर पाच मिनिटांत सायीसारखा जमतो, म्हणून ओली पॅलेट हवीच. सपाट टिफिनच्या डब्यात भिजवलेला स्पंज, त्यावर बेकिंगचा बटर पेपर. मेणाचा कागद घेऊ नका, त्यातून पाणी वर येत नाही.

आता सगळे एकसारखे का दिसतात ते बघू. तपकिरी वॉश सगळ्या अंगावर एकदम ओतला जातो, आणि मग बफचा ड्रायब्रश टोपीपासून बुटापर्यंत फिरतो. ड्रायब्रशला कापड, कातडी आणि लाकूड यांतला फरक कळत नाही. तो सगळ्या उंचवट्यांना एकच रंग देतो आणि वॉश सगळ्या खोलग्यांना. मधे जे काही वेगळं केलेलं असतं ते या दोघांमध्ये चेपलं जातं. वाळवंटी सैनिकावर ड्रायब्रश फक्त तळावर करा. अंगावर नाही.

वॉशच्या जागी घडीतली रेघ काढा. बेसकोटमध्ये ७०.९२१ इंग्लिश युनिफॉर्म निम्मा मिसळा, भरपूर पाणी घाला आणि टोकदार शून्य नंबर ब्रशने फक्त पट्ट्यांच्या कडेने, बाहीच्या दुमडीखाली, बटणपट्टीजवळ आणि पायांच्या मधल्या घडीत भरा. मग हायलाइट: मूळ मिश्रणात बफ किंवा इराकी सँड, शेवटचा अगदी बारीक हात ७०.९१८ आयव्हरी मिसळून. शुद्ध पांढरा नको, तो कापडाला खडूसारखं करतो.

सैनिक हातभर लांबून वाचता यावा म्हणून फिकट-गडद असा एक क्रम मनात पक्का करा. मराठा सैनिकावर तो असा बसतो: बूट, रायफल आणि कातडी सर्वांत गडद; घोट्याच्या पट्ट्या आणि लोकरी मोज्याचा वरचा भाग मध्यम; शर्ट-चड्डी फिकट; वेबिंग, म्हणजे कापडी पट्टे आणि पाउच, त्याहून फिकट. जर्मनाचा क्रम याच्या उलट लावता येतो, त्याबद्दल पुढे.

वेबिंगबद्दल युरोपातली रंगतालिका जशीच्या तशी घेतली तर फसगत होते. १९३७ च्या नमुन्याचं वेबिंग मायदेशी ब्लँको नावाच्या हिरवट लेपाने रंगवलं जाई. वाळवंटात ते घासून आणि उन्हात पडून जवळजवळ सायीच्या रंगाचं होई. ७०.९७६ बफमध्ये ७०.८८६ ग्रीन ग्रेचा एक थेंब हा बेस, कडांना आयव्हरी. १८ पैकी तीन-चार जणांना बफ आणि ग्रीन ग्रे निम्मंनिम्म द्या, म्हणजे काहींचं वेबिंग अजून हिरवट आहे असं दिसेल. पाण्याच्या बाटलीवरचं फेल्टचं आवरण मात्र लोकरीचं असल्याने ते गडद खाकीच ठेवा. पितळी टोकं आणि बकल यांना चकचकीत सोनेरी नको. मळकट पिवळा-तपकिरी ठिपका पुरतो.

पायांकडे सहसा घाईने बघितलं जातं, आणि खरी मजा तिथेच आहे. चड्डी संपते, मग उघडा गुडघा, मग लोकरी होजटॉप (पंजा नसलेला मोजा), मग घोट्याभोवती आखूड पट्टी. इंग्रजांनी 'पटी' म्हणून उचललेला हा शब्द आपली पट्टीच. लोकर सुतापेक्षा कमी विटते, म्हणून पट्टी ९८८ मध्ये तिसरा हिस्सा ९२१ घालून चड्डीहून स्पष्ट गडद करा आणि गुंडाळीच्या प्रत्येक फेऱ्याखाली एक बारीक रेघ द्या. युद्धाच्या सुरुवातीला वापरात असलेल्या, खाली सोडून पोटरीपर्यंत बांधता येणाऱ्या रुंद चड्डीला सैनिक 'बॉम्बे ब्लूमर्स' म्हणत. तुमच्या संचात दुमडून वर बटण लावलेली चड्डी असेल तर तीच ही. दुमडीच्या आत ऊन लागलेलं नसतं, तेव्हा आतली कड नव्या बाटलीतल्या रंगाने रंगवा. मापाने ही अर्धा मिलिमीटरची गोष्ट आहे, पण त्यामुळे कापड दुमडलेलं आहे हे पटतं.

रायफल शॉर्ट ली-एनफिल्ड, नंबर १ मार्क ३. नळीचं टोक बोथट, लाकूड थेट टोकापर्यंत. नळीचा पुढचा भाग उघडा असलेली नंबर ४ रायफल १९४२ च्या जूनमध्ये या सैनिकांच्या हातात देऊ नका. संचात असली तर बदला. लाकडाला ७०.८४६ महोगनी, त्यावर ७०.९८१ ऑरेंज ब्राउनच्या लांबीच्या दिशेने दोन-तीन रेघा. धातूला ७०.८६२ ब्लॅक ग्रे, कडेला गनमेटलची अगदी पुसट रेघ. रायफल कितीही घासलेली असली तरी ती चमचमत नाही. चमकणारी वस्तू वाळवंटात मैलभरावरून दिसते, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मार्क २ हेल्मेट वाळूच्या रंगाने रंगवलेलं असायचं, कधी रंगात वाळूच मिसळून. इराकी सँड बेस, आणि कडेवर एक-दोन ठिकाणी खालचा हिरवट-तपकिरी रंग डोकावू द्या. सगळ्या कडेने टवके उडवले तर हेल्मेट भंगारातलं वाटतं. मराठा पलटणीसाठी हेल्मेट हाच सुरक्षित पर्याय आहे. संचातली पगडीची डोकी शिखांसाठी आणि पंजाबी मुसलमानांसाठी ठेवा, रुंद फेल्ट हॅट गुरख्यांसाठी.

कातडी

परदेशी पुस्तिकांत 'भारतीय सैनिक' म्हणून एकच महोगनी तपकिरी दिलेला असतो. देशावरचा, कोकणातला आणि घाटमाथ्यावरचा माणूस एका रंगाचा नसतो, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. १८ जणांसाठी तीन कातड्या करा. गव्हाळ: ७०.९८४ फ्लॅट ब्राउन दोन भाग, ७०.८६० मीडियम फ्लेशटोन एक. सावळा: फ्लॅट ब्राउन तीन भाग आणि ७०.८७२ चॉकलेट ब्राउन एक. काळासावळा: ८७२ आणि ८४६ समसमान.

सावलीला काळा वापरला की चेहरा हिरवट-करडा, आजारी दिसतो. ७०.८२२ ब्लॅक ब्राउन पातळ करून डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या बाजूंना आणि ओठांखाली एवढ्यातच भरा. हायलाइटला पांढरा किंवा बफ घातला तर चेहऱ्यावर राख फासल्यासारखं होतं. आधी ऑरेंज ब्राउन मिसळून गालाची हाडं, नाकाचा शेंडा, हनुवटी आणि बोटांची पेरं. मग ८६० चा अगदी लहान ठिपका. गडद कातडीवर उजेडाची जागा लहान पण ठळक असते, गोऱ्या कातडीसारखी पसरलेली नसते. त्यामुळे चार-पाच टप्प्यांचं ब्लेंडिंग इथे फुकट जातं, तीन टप्पे पुरतात. खालचा ओठ किंचित जांभळट-तपकिरी ठेवा. गुलाबी ओठ लावले की नाटकातला मेकअप होतो.

डोळ्यांत पांढरा ठिपका देऊ नका. त्या हेल्मेटच्या रुंद कडेची सावली भर दुपारी नाकापर्यंत येते, आणि उन्हात माणूस डोळे बारीक करतोच. काळ्या-तपकिरी रंगाची एक आडवी रेघ पुरते. मिशीला शुद्ध काळ्याऐवजी ब्लॅक ग्रे.

हुद्द्याच्या फिती लावायच्या असतील तर लान्स नाईक एक, नाईक दोन, हवालदार तीन, पांढरट फितीच्या. जमादार आणि सुभेदार यांना खांद्यावर तारे. डिव्हिजनचं चिन्ह, म्हणजे चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड, फार देखणा आहे आणि रंगवायचा मोह होतो. पण लढाईच्या ऐन मोर्च्यावर अशी चिन्हं सहसा काढलेली असत. गरुड हवाच असेल तर तो मागच्या ट्रकच्या फळीवर शोभतो.

हंगाम जुळवा, कारण 'वाळवंट म्हणजे चड्डी' ही पक्की समजूत इथे घात करते. २/५ मराठा ही पलटण ११ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये होती आणि २० जून १९४२ रोजी जर्मन सेनापती रोमेलचा हल्ला तोब्रुकच्या आग्नेय बाजूला नेमका तिच्याच क्षेत्रावर आला. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं. ऐन उन्हाळा, तेव्हा शर्ट-चड्डी बरोबर. पण हेच सैनिक १८ नोव्हेंबर १९४१ ला सुरू झालेल्या ऑपरेशन क्रुसेडर या ब्रिटिश चढाईत उतरवायचे असतील तर लोकरी बॅटलड्रेस, जर्सी आणि ओव्हरकोट लागतील. रात्री तिथे थंडी हाडात शिरते. तेव्हा ९२१ इंग्लिश युनिफॉर्म हा तपकिरी रंग मुख्य होतो आणि खाकी ड्रिल फक्त कॉलरपाशी डोकावतो.

समोरचे बारा

जर्मनांचा उष्णकटिबंधीय गणवेश मुळात वाळूच्या रंगाचा नव्हता. तो हिरवट ऑलिव्ह सुती होता. जो फिकट पिवळट आफ्रिका कोर चित्रांत दिसतो तो बराचसा उन्हाने केलेला आहे. वाळूच्या रंगाचा गणवेश मूळचा हवाईदलाचा, लुफ्तवाफेचा. म्हणून तुमच्या दोन्ही बाजू एकसारख्या दिसतात: दोघांनाही बफवर आणून ठेवलं आहे. मराठ्यांना उबदार बाजूला, म्हणजे पिवळट-गुलाबी खाकीकडे ढकला, आणि जर्मनांना थंड, हिरवट बाजूला. विटलेल्या जर्मन कपड्यातही हिरवटपणाचा अंश शिल्लक ठेवा.

बेस: ७०.८८० खाकी ग्रे आणि ७०.८८६ ग्रीन ग्रे समसमान. वापरलेला: त्यात तिसरा हिस्सा बफ. फार विटलेला: ८८६ एक भाग, बफ दोन भाग. कॅमलमध्ये करायचं तर यलो ऑकरमध्ये थोडा काळा घातला की ऑलिव्ह मिळतो, चार भागांना एक, मग लागेल तसा पांढरा. सदरा, पँट आणि टोपी यांत टोपी सर्वांत फिकट करा. जुने-जाणते दिसावं म्हणून सैनिक विषारी वायूचा अंश घालवायच्या गोळ्यांनी टोप्या मुद्दाम विटवत. बारांपैकी दोन टोप्या जवळजवळ हस्तिदंती केल्यात तरी चुकणार नाही, पण त्याच सैनिकाची पँट गडद ऑलिव्ह असू द्या.

छातीवरचा गरुड पांढरा नव्हे, निळसर-करडा, तपकिरी पार्श्वभूमीवर. २८ मिमीवर पंखांची एक आडवी रेघ आणि खाली ठिपका, बस. कॉलरच्या पट्ट्याही त्याच निळसर-करड्या. टोपीवरच्या उलट्या 'व्ही' आकाराच्या फितीचा रंग शाखेचा: पायदळाला पांढरा, मोटारवाहू शुत्झेन पायदळाला हिरवा, रणगाड्यांना गुलाबी, तोफखान्याला लाल. पट्टा आणि खांद्याचे बंद चामड्याऐवजी ऑलिव्ह कापडाचे, ७०.८७९ ग्रीन ब्राउन चालेल. काडतुसांच्या थैल्या बऱ्याच जणांच्या चामड्याच्याच होत्या, तपकिरी किंवा काळ्या. बंद बांधायचे बूट दोन वस्तूंचे: पंजा आणि टाच तपकिरी चामड्याची, वरचा भाग ऑलिव्ह कॅनव्हासचा. ही जोडणी नीट दाखवली की जर्मन पाय लांबूनच ओळखू येतो. हेल्मेटवर गाडीचा पिवळसर-तपकिरी रंग फासलेला असे. मराठ्यांच्या हेल्मेटपेक्षा तो एक-दोन पायऱ्या गडद आणि जास्त पिवळा ठेवा. ऑलिव्ह कपड्यावर पिवळसर हेल्मेट, म्हणजे जर्मनावर डोकं कपड्याहून उबदार दिसतं, आणि मराठ्यावर हेल्मेट कपड्यात मिसळून चेहरा गडद उठतो. तीन फुटांवरून फरक पडतो तो याने.

त्या हल्ल्यात इटालियनही होते. हाताशी बेर्सालिएरी, म्हणजे इटलीचं चपळ पायदळ, असतील तर हेल्मेटच्या उजव्या बाजूची काळी पिसं विसरू नका.

घाम, मीठ, धूळ

सावल्या आणि हायलाइट संपल्यावर हे काम. ओला घाम कापडाला गडद करतो: पाठीवर पट्ट्यांच्या खाली, काखेत, कमरपट्ट्याच्या वर. बेसकोटमध्ये थोडा ९२१ घालून दोन पातळ ग्लेझ (खालचा रंग दिसू देणारे पारदर्शक हात) द्या. घाम वाळला की त्या डागाच्या कडेला मिठाची पांढरी रेषा राहते. आयव्हरी एक भाग आणि पाणी सहा भाग, ब्रश जवळजवळ कोरडा करून तुटक रेघ. अठरांतल्या पाच-सहा जणांना पुरे, आणि नव्या कपड्यातल्याला देऊ नका.

धूळ खालून वर चढते. बूट जवळजवळ झाकले जातात, पट्टी निम्मी, गुडघा थोडा, आणि आडवं पडून गोळीबार करणाऱ्याची कोपरं, पोट आणि चड्डीचा पुढचा भाग. खांद्यावर धूळ फारशी नसते, पिठ्ठूच्या माथ्यावर मात्र बसते. विकतच्या पिगमेंटऐवजी मुलतानी माती उत्तम चालते, आणि पूजेच्या सामानाच्या दुकानातलं गोपीचंदन तिच्यात थोडं पिवळेपण आणतं. तीन भाग मुलतानी, एक भाग गोपीचंदन, एक भाग खडूची पूड, जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून वस्त्रगाळ. गेरूला हात लावू नका. तोब्रुकची जमीन चुनखडीची आहे, फिकट आणि दगडाळ. लाल धूळ बुटावर आली की तो सैनिक तोब्रुक सोडून सासवडला जातो. कोरड्या ब्रशने ही पूड टेकवा आणि बाकीची फुंकून टाका. वॉर्निश लागलं की ती निम्म्याहून जास्त नाहीशी दिसते, कारण ओला बाइंडर तिला पारदर्शक करतो. म्हणून धूळ शेवटच्या वॉर्निशनंतरच, आणि तीही फक्त बुटांवर, जिथे बोट लागत नाही. गुडघ्यांवरची धूळ रंगातच करा: इराकी सँड एक भाग, पाणी आठ भाग.

तळासाठीही हीच जमीन लक्षात ठेवा. वाळूच्या टेकड्या आणि नारिंगी उतार राजस्थानच्या पोस्टरवर ठीक दिसतात. इथे चहाच्या गाळणीने चाळलेली नदीची वाळू, त्यात दोन-तीन मिमीचे कोनदार खडे, आणि सैनिकामागे एखादं काटेरी वाळकं झुडूप. नारळाच्या काथ्याचे तंतू कापून ते छान होतं. फेव्हिकॉलमध्ये निम्मं पाणी घालून पसरा, वाळू टाका, रात्रभर ठेवा. रंग ७०.८४७ डार्क सँड, आणि आता ड्रायब्रश: बफ, मग आयव्हरी. तळ कपड्यापेक्षा फिकट असला पाहिजे. दोन्ही सारखे झाले तर इतकी मेहनत घेतलेला सैनिक जमिनीत विरून जातो.

ती पांढरी साय

दोन कारणं संभवतात. मॅट वॉर्निशमध्ये चमक मारणारी बारीक भुकटी असते आणि ती तळाशी बसते. डबा दोन मिनिटं हलवला नाही तर आधी नुसता द्रव येतो आणि शेवटी गाळ. खोलगट भागात, पाउचच्या मागे किंवा मानेजवळ हात जाड बसला की तीच भुकटी पांढरी होऊन दिसते. दुसरं कारण हवा. जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात आर्द्रता सत्तरच्या वर राहते. फवाऱ्यातला द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर पाणी धरतं आणि वॉर्निशमध्ये अडकतं. पावसाळ्यात डब्याचा फवारा बंदच ठेवा. बाटलीतलं पाण्याचं मॅट वॉर्निश ब्रशने, दोन पातळ हात, मधे चार तास. उन्हाळ्यात उलटा त्रास: कोरड्या, तापलेल्या हवेत लांबून मारलेला फवारा वाटेतच वाळतो आणि सैनिकावर रव्यासारखा बसतो. तेव्हा सकाळी लवकर, १५ ते २० सेंटिमीटरवरून, छोटे झटके.

झालेलं निस्तरता येतं. साय आलेल्या सैनिकांवर ब्रशने ग्लॉस वॉर्निशचा एक पातळ हात द्या. भुकटीच्या कणांमधली जागा भरली की पांढरेपणा बहुतेक वेळा जातो आणि खालचा रंग परत दिसतो. रात्रभर वाळू द्या, मग ब्रशने मॅट. मानेच्या खोलगटात तरीही पांढरं उरलंच तर तिथे ९२१ चा पातळ ग्लेझ द्या; ती जागा तशीही सावलीचीच आहे.

ऑइल कलरचा वॉश कुणी सुचवेल: बर्न्ट अंबर आणि टर्पेंटाइन. परिणाम सुंदर असतो, पण आधी ग्लॉस वॉर्निशचं कवच हवं. उघड्या कडक प्लास्टिकवर टर्पेंटाइन मुरलं तर ते ठिसूळ होतं आणि घोट्यापाशी सैनिक तुटतो. दमट हवेत हा वॉश वाळायला दोन-तीन दिवसही घेतो. या तुकडीला त्याची गरज नाही. आधी तीन बाटल्या करा, एक मराठा आणि एक जर्मन पूर्ण करून खिडकीत शेजारी शेजारी उभे करा, आणि डोळे बारीक करून बघा. दोघं वेगळे ओळखू आले की मग उरलेले २८ हातात घ्या.